पाठीमागच्या पिना

मी सांगोल्याकडची. सातवीतच शाळा सुटली. देवरीत येऊन दोन वर्षं होत आली, तरी बाजारात कुणी "शिवणवाल्या मॅडम" म्हटलं की मी मागं वळून बघते, दुसरीच कुणी आली की काय.

त्याआधी बावीस वर्षं मी एका नटीची ड्रेसवाली होते. ताई मूळच्या देवरीच्याच. दिवाळीनंतर इकडं गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथल्या नाटकांतून त्या सिनेमात गेल्या. आधी नायिकेची बहीण, मग वहिनी, पुढं नुसती आई. प्रत्येक बढतीला त्यांचे ब्लाउज मीच उसवून सैल केले. काम कमी झालं तेव्हा त्यांनी गावातल्या घरात शाळा सुटलेल्या पोरींसाठी शिवणवर्ग काढला, फुकट. शिकवायला मला आणलं. आजवर माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता, म्हणूनच जास्त धास्ती.

"ताई, माझ्याकडं एक सर्टिफिकेट नाही हो."

"माह्याजवळ कोणतं हाये? चाल."

पहिल्या दिवशी सकाळपासून एकच विचार. पोरी उद्या परत आल्याच नाहीत तर ताईंची त्यांच्याच गावात शोभा होणार, आणि ती माझ्यामुळं. चिचगडहून बसनं आलेली एक उंच पोरगी उभी केली, तिच्या मापाचा ब्लाउज कापला, शिवला. गळा सुरेख, बाह्या सुरेख. अंगावर घालून बघितला तर मागं ढगळ. मी सवयीनं पाठ चिमटीत धरली, पटापट पिना लावल्या आणि म्हटलं, "झालं."

ती पोरगी हात मागं नेऊन चाचपत म्हणाली, "मावशी, पिना काऊन लावून राहिली? लग्नात मी भिंतीले पाठ लावूनच बसू का?"

सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. शूटिंगला वेळ नसतो, कॅमेरा समोर असतो. बावीस वर्षांत मी पाठ कधी पुरी केलीच नव्हती.

ताई चहा घेऊन दारात उभ्या. "मले काय सांगता! एवढे सिनेमे केले, पण खुर्चीले टेकून बसाचं सुख नाई देल्लं इनं."

पोरी आणखी हसल्या. मीही हसले, नाहीतर रडले असते. पोरीनं ब्लाउज काढून माझ्यापुढं ठेवला. "मंग आता पाठ शिवून दाखव." इथं मोठ्यांनाही एकेरीच. मी खरं सांगितलं, मलाही जपून मापं घ्यावी लागतील, तू टेप धर. पहिला टक्स, म्हणजे ढगळ कापड आत घेणारी शिवण, वाकडा गेला, तो तिलाच आधी दिसला. उसवला. दुसऱ्यांदाही उसवला. चारच्या बसच्या आत पाठ बसली.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर तीच पायरीवर, सोबत एक मुलगी.

"माही चुलत बहीण. इले समोरचं शिवता येते, मावशी. पाठ शिकव."