सुमतीचं ताट

सुमती गेल्याचं सांगायला तिची मुलगी वसू सकाळी आमच्या दारात आली, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. मधुमेहानं सुमतीच्या पायाची जखम चिघळली होती; भरेल हळूहळू, असं आम्ही धरून चाललो होतो... तिला जाऊन आता दीड महिना झाला. माझा राग मात्र ओसरत नाही.

मुलुंडच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवते. सुमती गृहशास्त्र शिकवायची. डाळीनं काय होतं, पालेभाजी का हवी, तेलतूप किती पुरे, हे ती इतकं सोपं करून सांगे की मुली घरी जाऊन आयांना शिकवत. भांडुप-घाटकोपरच्या महिला मंडळांतूनही तिला बोलावणी येत. आणि ती स्वतः लठ्ठ होती. शाळेचा जिना चढताना धापा टाकायची. एकदा घाटकोपरला भाषण संपल्यावर एका बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, की एवढं ठाऊक असून तुम्ही अशा कशा? हशा पिकला. सुमतीही हसली. परतताना मला म्हणाली, "ठाऊक मला आहे गं. पण माझं ताट सासूबाई वाढतात."

ते ताट मी पाहिलं होतं. आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई. तोवर भाजी, उसळ, दही संपलेलं. उरायचा तो भात, बटाटा आणि नैवेद्याचा शिरा. रेशनच्या दिवसांत पोळलेल्या सासूबाई अन्नाचा कण टाकू देत नसत. उरलेलं सगळं सुनेच्या पानात, आणि पान स्वच्छ झालंच पाहिजे. डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितला तेव्हा सुमतीनं एकदा धीर केला. स्वतःपुरती ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी वेगळी काढून ठेवली. सासूबाईंनी जेवणच सोडलं. माझ्या हयातीत या घरात दोन चुली नकोत, म्हणाल्या. माधवराव, तिचे यजमान, ऑफिसात नोकरीला, शिकलेसवरलेले गृहस्थ. ते शांतपणे म्हणाले, "तुझं शास्त्र शाळेत ठेव. घरात तमाशा नको." दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद. हे सगळं सुमतीनं मला फळा पुसता पुसता सांगितलं होतं, पाठमोरी राहून.

शोकसभेत मुख्याध्यापकांनी तिच्या ज्ञानाची तारीफ केली आणि शेवटी म्हणाले, जिभेवर ताबा असता तर बाई आणखी जगल्या असत्या. माधवराव पहिल्या रांगेत मान डोलावत होते. मी उभी राहिले. "सर, तिच्या जिभेला कधी कुणी विचारलंच नाही," म्हटलं. आभार मानले गेले, चहा झाला. तेराव्याला जिलबी होती... तिला फार आवडायची म्हणे.

शिक्षिकांच्या खोलीत खिडकीशी तिची खुर्ची आहे. मधल्या सुट्टीत ती तिथं बसून डबा उघडायची. सासूबाई पूजेत असताना घाईनं भरून आणलेले मोडाचे मूग, काकडीच्या फोडी. एकेक घास सावकाश चावायची, कुणाशी बोलायची नाही. दिवसभरातलं तेवढंच जेवण तिनं स्वतः ठरवलेलं असे. परवा नव्या बाईंनी त्या खुर्चीवर पेपरांचा गठ्ठा ठेवला. मी तो उचलला, आणि सुट्टी संपेपर्यंत खुर्ची मोकळी ठेवली.