तिसऱ्या नंबरचे पंच

“पहिला कोण ते सगळ्यांनी पाहिलं. तिसरा कोण आला?”

हा प्रश्न सर कुठेही विचारत. त्यासाठी पळण्याची शर्यतच हवी असं नव्हतं. माझी मुलगी गणितात वर्गात पहिली आली म्हणून मी पेढे घेऊन त्यांच्या दारात गेले, तर पेढा तोंडात टाकून ते तिला म्हणाले, “शाब्बास! तिसरी कोण आली?”

“आय डोन्ट नो, लाह, आजोबा,” सिंगापूरच्या सवयीने वाक्याला ‘लाह’ जोडत ती म्हणाली.

“मग उद्या विचारून ये. तिला कुणी पेढा दिला नसेल.”

मुलीने खरंच विचारलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यातून एक पेढा जास्तीचा गेला.

सर म्हणजे इथे बिशान भागात आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका इंजिनिअरचे वडील. पुण्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर पीटी शिकवली. बायको गेल्यावर मुलाने राहण्याचा पास काढून त्यांना सिंगापूरला आणलं. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ अशी ताठ की त्यांच्यासमोर लिफ्टमध्ये आपणच पोट आत ओढून उभं राहावं. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असे एखादे सर असतीलच. ते दिसले की आपले बूट पॉलिश केलेले नाहीत याची उगाच आठवण होते.

आमच्या मराठी मंडळींच्या क्रीडादिनाला सर शेवटच्या रेषेशी जाऊन बसत. हात गुडघ्यांवर, एक डोळा मिटलेला, नजर रेषेवर. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत एकदा पहिल्या नंबरावरून दोन आयांची जुंपली. दोघी न्याय मागायला सरांकडे आल्या. “मला नाही माहीत,” सर शांतपणे म्हणाले, “मी तिकडे पाहिलंच नाही.” दोघी आल्या पावली परतल्या. असं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नसावं.

मग त्यांनीच मला उलगडून सांगितलं. त्यांच्या तरुणपणी शर्यतीच्या शेवटी कॅमेरा नसायचा. पंच एका उतरत्या पायऱ्यांच्या स्टँडवर एकामागे एक बसत आणि प्रत्येकाला एकच नंबर वाटून दिलेला असे. पहिल्याच्या पंचाने पहिला बघायचा, तिसऱ्याच्या पंचाने तिसरा. बाकी मैदानात आग लागली तरी मान वळवायची नाही. स्वातंत्र्याला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा आशियातल्या काही देशांचे धावपटू बोलावून एक मैदानी स्पर्धा भरली होती. पंच कमी पडले, म्हणून पीटी कॉलेजातली काही मुलं उसने कोट घालून स्टँडवर बसवली. सर त्यातले एक. पुरुषांची शंभर मीटर, आणि त्यांच्या वाट्याला तिसरा नंबर.

“एवढी मोठी शर्यत मी इतक्या जवळून पाहिली,” सर सांगत, “आणि पहिला कोण आला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं!”

ही गोष्ट ते रंगवून सांगत आणि आम्ही दर वेळी हसत असू. त्यांचा मुलगा तेवढा “बाबा, झालं की आता” म्हणून आत निघून जाई.

सकाळी मी बिशानच्या स्टेडियमवर चालायला जात असे. वजन उतरावं म्हणून, आणि ते उतरलं नाही ही गोष्ट वेगळी. सरही येत. पण त्यांचं चालणं कमी आणि चौकशाच जास्त. समोरून कुणीही म्हातारा चिनी अंकल आला की सर त्याला थांबवत. “यू रनर? हंड्रेड मीटर?” एका अंकलना वाटलं, हा आपल्याला शर्यतीचं आव्हानच देतोय. त्यांनी पँट वर करून गुडघ्याच्या ऑपरेशनचा व्रण दाखवला आणि घाईने दुसरी वाट धरली.

एकदा मी चिडवायला म्हणाले, “सर, कधी पहिल्याकडेही बघत जा की. काय बिघडतं?”

सर चालता चालता थांबले.

“बघितलं होतं एकदा,” ते म्हणाले. “पेपरात वाचलं ते खोटं गं. पहिला असा काही आला, की मान वळली माझी. क्षणभरच. परत बघतो तो दोघं जण रेषेच्या पुढे गेलेले. एक आपल्याकडचा, एक सिंगापूरचा. छाती कुणाची आधी लागली, देव जाणे. मुख्य पंचांनी विचारलं, तिसरा कोण? मी आपल्याकडच्याचं नाव सांगितलं.”

“आणि तो सिंगापूरचा?”

“भांडला असता तर बरं झालं असतं. नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. मग खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.”

पुन्हा चालायला लागत सर म्हणाले, “मुलगी अमेरिकेला बोलावत होती. मोठं घर आहे तिचं. पण तो अमेरिकेत नाही ना, इथे आहे. असला तर.”

तेव्हा मला त्या सगळ्या चौकशांचा अर्थ लागला. त्या माणसाचं नाव सरांना पाठ होतं. मग मीही कामाला लागले. स्टेडियमवर ताय-चीचा व्यायाम करणाऱ्या एका अंकलनी त्यांच्या ओळखीत, त्या ओळखीच्यांनी आणखी कुठे, असं विचारत विचारत पत्ता लागला. ते धावपटू अंकल क्लेमेंटी भागात, मुलीकडे राहत होते.

सर कोट घालून निघाले. “एमआरटीच्या गाडीत थंडी असते,” मी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं. वाटेत ओठातल्या ओठात इंग्रजी वाक्यं घोकत होते.

दार उघडलं ते बनियन आणि अर्ध्या चड्डीतल्या एका लहानखुऱ्या म्हाताऱ्याने. मुलीने बार्लीचं सरबत दिलं. सर खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “तुमच्या त्या शंभर मीटरच्या शर्यतीत मी पंच होतो. तिसऱ्या नंबरचा.” बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते.

अंकलचा चेहरा उजळला. “तिसऱ्याचे पंच? म्हणजे तुम्ही मला बघत होता! सगळं मैदान त्या पहिल्याकडे बघत होतं. मला वाटायचं, मला कुणी पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलंत, हं?”

सरांनी हो म्हणावं, असं मला फार वाटलं. मी असते तर म्हणून मोकळी झाले असते. सर उठून उभे राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “मी पहिल्याकडे बघितलं. तुम्हाला बघायचं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. मला माफ करा.”

अंकल हातातला ग्लास नुसता फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, “मी पण, लाह!”

“काय?”

“मी पण मान वळवली. त्या पहिल्याला बघायला. म्हणून चौथा आलो.”

आणि ते हसायला लागले. सर आधी बघतच राहिले, मग तेही हसायला लागले. दोघं इतके हसले की अंकलची मुलगी हात पुसत बाहेर आली आणि काय झालं म्हणून मला विचारू लागली. सरांना असं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. येताना गाडीत ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपले. बिशान आलं तेव्हा त्यांना उठवणं माझ्या जिवावर आलं.

पुढच्या वर्षी एका लग्नासाठी सर पुण्याला गेले आणि तिथेच, झोपेत, गेले. त्यांच्या मुलाने मला कळवलं तेव्हा मी ऑफिसात होते. डोळे पुसून कामाला लागायचा प्रयत्न केला, जमलं नाही. रजा टाकून थेट क्लेमेंटी गाठलं. ही बातमी फोनवर सांगायची नव्हती.

अंकलनी बातमी ऐकली आणि माझ्यापुढे सरबताचा ग्लास ठेवला.

“चांगला माणूस,” ते म्हणाले. “खोटं बोलला नाही. मी बोललो.”

“म्हणजे?”

“मी मान नव्हती वळवली. मी सरळ पळालो, रेषेकडे बघत. पण एवढा म्हातारा माणूस, या उकाड्यात कोट घालून आलेला. त्याला काय सांगणार होतो मी?”

त्यांनी माझ्यापुढचा रिकामा ग्लास उचलला आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

“म्हणजे अंकल,” मी मागून विचारलं, “तिसरे तुम्हीच आला होता?”

ते दारात थांबले.

“ते मी कसं सांगू?” ते म्हणाले. “ते पंचांनी ठरवायचं, लाह.”