बंद दाराचा शेवट

चित्रपट संग्रहालयात जुन्या फिती दुरुस्त करणाऱ्या ताईंना वैताग नवा नव्हता. फितींवरची बुरशी, डब्यांचा आंबूस वास, संध्याकाळपर्यंत अवघडलेली मान, सगळं अंगवळणी पडलं होतं. पण सिनेमाचा म्हातारा दिग्दर्शकच उरावर येऊन बसण्याची ही पहिलीच वेळ.

म्हातारबुवांचा तो सिनेमा सगळ्यांनी पाहिला होता, पण नंतर बदललेला. त्यात नवऱ्याला सोडून गेलेली बाई शेवटी परत येते आणि अंगणात गाणं होतं. मूळ सिनेमात ती परत येतच नसे. दार ओढून घेऊन निघून जाई आणि पडद्यावर नुसतं बंद दार उरे. तो शेवट कायमचा गेला, असंच सगळे धरून चालले होते. ताईंना तो एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर सापडला. वर्षभर डोळ्यांत तेल घालून त्यांनी तो साफ केला, जोडला आणि मोठ्या हौसेने म्हातारबुवांना बघायला बोलावलं.

दिवे लागल्यावर ते म्हणाले, "छान केलंस. आता काढून टाक."

"अहो सर, हाच तर तुमचा खरा सिनेमा!"

"पहिल्या खेळाला मागे मी उभा होतो, तू नव्हतीस. ते दार येईपर्यंत निम्मे लोक बाहेर! गाणं घातलं तेव्हा कुठे चालला. लोकांनी पाहिला तो खरा."

घरी नवऱ्याने आणखी भर घातली. "गाणंच नाही? मग बघायचं काय त्यात?" ताईंनी पातेलं असं आदळलं की त्याने मुकाट्याने पेपरात तोंड खुपसलं.

शेवटी संग्रहालयाच्या साहेबांनी तोडगा काढला. मूळ सिनेमा दाखवायचा, पण म्हातारबुवांच्या हट्टापायी सुरुवातीच्या पाटीवरचं त्यांचं नाव गाळायचं. एकेक तुकडा परत बसवायला वर्ष घालवलं, आणि आता आपल्याच हाताने कापायचं! दात-ओठ खात ताईंनी कापलं.

खेळ झाला. पडद्यावर बंद दार आलं तेव्हा दोघे-तिघे उठून गेले. बाकीचे खिळल्यासारखे बसून राहिले. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मागून कुणीतरी ओरडलं, "दिग्दर्शक कोण हो याचे?"

पुढच्या रांगेतून म्हातारबुवा काठी टेकत उठले, मागे वळले आणि हात जोडले. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यांचा फोन. "अगं, पाटीवरून माझं नाव कुठे गेलं?"

"तुम्हीच काढायला लावलंत, सर!"

"मी म्हणेन गं काहीही. तू कशाला ऐकायचंस? आणि ते गाणंही कुठे बसतंय का बघ ना जरा."

ताईंनी फोन टेबलावर पालथा घातला. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला, आणि त्या चरफडत कापलेल्या पाटीचा डबा उघडायला लागल्या.