साबुदाण्यावर ठेवलेला आरोप

घाटकोपरच्या त्या रुग्णालयाने माझ्या पत्नीच्या दुखण्याचा दोष साबुदाण्यावर ठेवला. हे मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा माझा विचारही नाही.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उजव्या बरगडीखाली कळ आली, ती खांद्यापर्यंत गेली. अंगात तापही होता. सोनोग्राफी करणारा डॉक्टर माझ्यासमक्ष म्हणाला, "गॅस फार आहे काका, पित्ताशय नीट दिसत नाहीये." रिपोर्टात मात्र आले, पित्ताशय नॉर्मल. उभा जन्म न्यायालयात कारकुनी केलेल्या माणसाला हे पचणे शक्य नव्हते. साक्षीदाराला दिसले नाही, म्हणून घटना घडलीच नाही असे कोणते न्यायालय म्हणते?

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंकडे मी सीटी स्कॅनची मागणी केली. त्यांनी पोटाला बोटही न लावता पत्नीला विचारले, "काकू, काल उपवास होता ना? खिचडी खाल्लीत?"

"खाल्ली."

"मग ॲसिडिटीच आहे. घरी घेऊन जा."

"आणि हा ताप? तोही खिचडीचा?" मी विचारले.

"काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. नवरा आहे. पुढील तपासणीची गरज नाही असे सही करून द्या, लगेच नेतो."

सही करायला कोणी तयार होईना. माझी पत्नी कळवळत असताना तिथे फक्त सही टाळण्याची धावपळ चालली होती, आणि त्याच धावपळीतून वरिष्ठ सर्जन खाली आले. त्यांनी बरगडीखाली हात दाबून तिला श्वास घ्यायला सांगितला. तो अर्ध्यावरच अडला. ते लगेच तिला सीटीला घेऊन गेले.

पित्ताशयात खडा असल्याचा त्यांना संशय होता, पण तो सीटीतही दिसला नाही. काही खडे त्यात दिसत नाहीत, असे त्यांनी मला समजावले. पण पित्ताशयाची भिंत सुजलेली होती, भोवती पाणी साचले होते. "घरी नेलं असतंत तर फुटलं असतं," ते म्हणाले. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. खडा पित्ताशयाच्या तोंडाशीच अडकलेला निघाला.

ती शुद्धीवर आली तेव्हा मी मनात तक्रारीचा मसुदा जुळवत होतो. माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळले असावे.

"अहो, लिहा खुशाल," ती क्षीण आवाजात म्हणाली, "पण माझी खिचडी आजवर कोणाला बाधलेली नाही, हे आधी लिहा."

रुग्णालयाने माझ्या तक्रारीच्या पत्राला अजून उत्तर दिलेले नाही. दुसऱ्या पत्राची सुरुवातही मी तिच्याच वाक्याने केली आहे.