आई वचन विसरल्या

लग्न होऊन मी सांगवीहून बारामतीला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला दोन गोष्टी विचारल्या. भाकरी थापता येते का, आणि बायबलातलं वचन पाठ किती आहे. भाकरी येत होती. वचनाचं म्हणाल तर प्रभूची प्रार्थना आणि मेंढपाळाचं स्तोत्र, एवढंच. त्या म्हणाल्या, "एवढ्यावर संसार व्हतो व्हय?"

त्यांना मी आई म्हणायचे. त्यांचं माहेर अंथुर्ण्याचं. सासरे भवानीनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. तिथल्या वसाहतीत ख्रिस्ती घरं मोजकीच, चर्च लांब, म्हणून आईंनी आपल्या क्वार्टरमध्ये बायका गोळा करायला सुरुवात केली. सासरे निवृत्त झाल्यावर बारामतीत घर बांधलं, तसं ते महिला मंडळही त्यांच्याबरोबर बारामतीत आलं. दर गुरुवारी दुपारी, भांडीकुंडी उरकली की बायका आमच्याकडे यायच्या. मी चटया अंथरायची. एक गाणं, एक प्रार्थना, आणि मग पाठांतर. प्रत्येकीनं काहीतरी पाठ म्हणून दाखवायचंच. जिचं पाठ नसेल तिला चहा बिनसाखरेचा, अशी आईंची धमकी असे. उसाच्या मुलखात याच्यापेक्षा मोठी शिक्षा कुठली? पण तसा चहा कधी कुणाला दिला नाही.

त्या स्वतः जोंधळा निवडताना पाठ करायच्या. शास्त्र, म्हणजे बायबल, पुढ्यात उघडं, डोळे सुपात, आणि ओठ हलत. अध्यायच्या अध्याय त्यांना येत. मी एकदा विचारलं, "आई, पुस्तक आहे ना घरात, मग एवढं पाठ कशाला?" तर म्हणाल्या, "पुस्तकाला वाळवी लागती. छातीत ठिवलेल्याला कोण हात लावतंय?"

हे वाक्य मंडळातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. दिवाळीनंतर इंदापूरला बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मंडळांचा मेळावा भरायचा, त्यात पाठांतराची स्पर्धा असायची. आई स्टीलचे डबे जिंकून आणायच्या, आणि भाषणात हेच वाक्य सांगून यायच्या. बायका माना डोलवायच्या.

या सगळ्यांत आईंच्या सर्वांत जवळची एक होती. तिला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. भवानीनगरला दोघींची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. अक्काचा नवरा वारला तेव्हा कितीतरी दिवस तिच्या घरी डबा आमच्याकडून जायचा. तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात तिच्या खाटेखाली आई झोपल्या. अक्काला सुना दोन असून. हे मी मुद्दाम सांगते आहे.

मग एका गुरुवारी आई मेंढपाळाच्या स्तोत्रात अडल्या. जे लहान पोरांनाही येतं त्यात. बायका हसल्या, आईही हसल्या. अक्कानं पुढचा शब्द सांगितला, आणि गाडी पुढं गेली. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आईंनी पदराचा कोपरा मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

पुढच्या वेळी त्या पुन्हा अडल्या, नंतर अर्ध्यातून थांबून भलतंच म्हणू लागल्या. बायका आधी म्हणाल्या, थकल्या असतील. मग म्हणाल्या, वय झालं. मग पाळकीणबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंची बायको, आल्या, वयानं माझ्याहूनही लहान, आणि त्यांनी आईंच्या कपाळाला तेल लावून मोठ्यानं प्रार्थना केली. आई डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.

प्रार्थना झाल्यावर अक्का मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "इतकं वचन भरलेलं माणूस असं रितं कसं व्हईल गं? घरातच कायतरी अडवणूक हाय."

"कसली अडवणूक?"

"तू मशीनवर काय काय शिवतीस? गणपतीच्या मखराच्या झालरी, देवीच्या चोळ्या. शिवतीस का न्हाय?"

शिवत होते. मी घरीच शिलाईकाम करते आणि गिऱ्हाइकं सगळी शेजारपाजारची. त्यांचे सण आले की त्यांचं काम येतं. मी अक्काशी वाद घातला नाही. त्या वर्षी ती सगळी कामं मी परत केली. शेजारच्या काकू चोळीचं कापड घेऊन आल्या, तर डोळे दुखतात असं सांगितलं. आईंचं विसरणं थांबेल तर थांबू दे, एवढाच विचार.

थांबलं नाही. एका दुपारी मी कापड बेतत असताना आई दार उघडून निघून गेल्या. त्या कालव्याच्या रस्त्यावर सापडल्या त्याच काकूंना. काकूंनी त्यांना स्कूटीवर मागं बसवून, स्वतःच्या ओढणीनं कमरेशी बांधून घरी आणलं. मला म्हणाल्या, "डोळं बरं हायत का आता?" मी मान खाली घातली. पुढच्या सणाला त्यांची चोळी शिवून दिली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल. मी हे मंडळात सांगितलं, नीट समजावून सांगितलं. बायका "अरे देवा" म्हणाल्या. पण त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ती दया नव्हती. फसवलं गेल्यासारखं काहीतरी होतं. कारण आईंचं सर्वांत आधी वचनच गेलं. कांदा किती परतायचा ते कळत होतं, माझा नवरा कारखान्यातून आला का हे त्या विचारत होत्या, म्हणजे त्याला वारलेले सासरे समजत होत्या. पण वचन गेलं होतं. छातीत ठेवलेल्याला हात लागला होता.

तरी गुरुवार आमच्याकडेच भरत होता. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसायच्या. शेवटचा गुरुवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. गाणं संपलं आणि आई उठल्या. आतून सूप घेऊन आल्या. सुपात छोट्या छोट्या पुड्या होत्या. शेंगदाण्याच्या. एकेकीच्या हातात एकेक पुडी देत, "खा गं बाय, खा," म्हणत त्या सगळ्या चटयांवरून फिरल्या. चेहरा इतका आनंदी मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

पाळकीणबाईंनी पुडी सोडली आणि त्या किंचाळल्याच. शास्त्राची पानं होती. आईंनी आपल्याच पुस्तकाची पानं शिवणीपासून सरळ, एकही फाटू न देता काढली होती. कागद पातळ, म्हणून एकेका पुडीला दोन दोन पानं घेतली होती.

अक्का उठली आणि तिनं आईंच्या हातातून सूप ओढून घेतलं. शेंगदाणे चटईभर झाले. आई ओरडल्या, "सटवे, माझं घेतीस व्हय?" त्यानंतर जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. अंथुर्ण्याच्या रानात लहानपणी कानावर पडलेलं सगळं बाहेर आलं. मंडळातल्या लेकीसुनांसमोर, पाळकीणबाईंसमोर. काही जणींनी कानांवर हात ठेवले. एक म्हणाली, "ह्या त्या नव्हंतच. दुसरंच कुणी बोलतंय." कोण बोलतंय असं तिला म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

बायका निघून गेल्या. मी शेंगदाणे गोळा केले, पानं इस्त्री न लावता हातानंच सरळ केली. आई विचारत होत्या, "पाव्हण्या जेवल्या का?"

पुढच्या गुरुवारपासून मंडळ पाळकसाहेबांच्या घरी भरू लागलं. "तुझ्यावर भार नगं," असं अक्कानं फोनवर सांगितलं. मोबाइलवर मंडळाचा ग्रुप होता. त्यावर रोज सकाळी वचन यायचं, खाली आईंसाठी प्रार्थना करा असं यायचं, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. घरी कुणी येईना. पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला एकदा आले. आईंनी त्यातली पवित्र भाकर थुंकून टाकली. त्यांनी रुमालानं ती उचलली, मला म्हणाले, "त्यांना समजत नाही ना, मग राहू दे आता."

मला कुणी येऊन बसायला हवं होतं. एवढंच. मी आंघोळ करेपर्यंत कुणीतरी आईंचा हात धरून बसलं असतं तर पुरे होतं. ते काकूंनी केलं, नातवाला कडेवर घेऊन. ज्या बायकांनी माझ्या घरात इतकी वर्षं प्रीतीवरचे अध्याय पाठ म्हणून साखरेचा चहा प्यायला, त्यांच्यातली एकही आली नाही.

मीच कधी कधी आईंच्या उशाशी बसून पाठ म्हणायची. वाटायचं, आत कुठंतरी धागा सापडेल. एकदा मेंढपाळाचं स्तोत्र म्हणत होते, तर त्या धडपडत उठून बसल्या. "मेंढरं? कुठं हायत मेंढरं? हाकला ती! ज्वारी खात्यात!" अंथुर्ण्याला धनगरांचे वाडे, मेंढरांसकट त्यांचे तळ, यायचे, कणसं भरलेल्या रानात मेंढरं शिरायची, त्याची भीती. मी म्हटलं, "हाकलली, आई. गेली सगळी." तेव्हा कुठं त्या आडव्या झाल्या. मी हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

आई गेल्या त्या सकाळी, मी त्यांना पेज भरवत असताना. एक घोट गिळला, दुसरा गिळला नाही. तोंडात शब्द नव्हता, कुठलाच. चार महिन्यांत नव्हता.

तासाभरात घर भरलं. चपलांनी अंगण दिसेना. अक्का सगळ्यांत मोठ्यानं रडली, आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागली, "शेवटपर्यंत तोंडात वचन व्हतं हो माझ्या मैत्रिणीच्या!" पाळकसाहेबांनी दफनाच्या वेळी तेच सांगितलं. मी मातीची मूठ हातात धरून उभी होते. नवरा शेजारी होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं नजर खाली घातली.

दिवाळीनंतर अक्काचा फोन आला. इंदापूरच्या मेळाव्यात पाठांतराचं बक्षीस यंदापासून आईंच्या नावानं द्यायचं ठरलं होतं. मी सून म्हणून ते द्यावं आणि साक्ष सांगावी, म्हणजे आईंच्या श्रद्धेबद्दल बोलावं.

नवरा म्हणाला, "जा, पण वाकडं बोलू नको. गेलेल्या माणसाचं चांगलं बोलावं."

"आईंचं वाईट मी कशाला बोलू?" मी म्हटलं.

मंडळानं भाड्याची जीप केली होती. भवानीनगर मागं पडलं, अंथुर्ण्याचा फाटा आला, बायका गाणी म्हणत होत्या. अक्का माझ्या शेजारी. ती कानाशी वाकून म्हणाली, "चार शब्द गोड बोल हां. पोरींनी शिकलं पायजे तिच्याकडून."

माइक हातात आला. आम्ही ख्रिस्ती एकमेकींना करतो तसा नमस्कार करून मी म्हटलं, "सलाम. माझ्या सासूबाई वचन विसरल्या. सगळं विसरल्या. तोंडात शेवटपर्यंत वचन होतं हे खरं नाही, कारण शेवटी मी तिथं होते, तुम्ही नव्हता. त्यांनी शास्त्राची पानं काढून पुड्या बांधल्या, शिव्या दिल्या. तो आजार होता, पाप नव्हतं. आणि त्या आजारात तुमच्यातली एकही त्यांच्याजवळ येऊन बसली नाही. बक्षीस द्यायचं तर द्या. पण त्यांच्याबद्दल खोटं सांगून देऊ नका."

मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझ्या हातातून हळूच माइक घेतला आणि म्हणाल्या, "या बहिणीच्या मनातली कटुता प्रभूनं काढून टाकावी म्हणून आपण उभं राहून प्रार्थना करू या." सगळा मंडप उभा राहिला. माझ्यासाठी. आईंसाठी कुणी एवढ्या लवकर उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या राहिल्या. थोड्या वेळानं अक्का पत्रावळ घेऊन आली आणि शेजारी बसली. रश्शात भात कालवत राहिली, खाईना.

"मला भ्या वाटायचं गं," ती म्हणाली. "तिच्याकडं बघितलं की वाटायचं, माझंबी असंच व्हणार. हल्ली मीबी मधी मधी अडती. घरात कुणाला सांगितलं न्हाय."

"मग आईंना काय वाटत असेल अक्का?" मी विचारलं. "तुम्ही सूप ओढलं तेव्हा?"

मी तिचा हात हातात घ्यायला हवा होता, असं पुस्तकं सांगतील. मी घेतला नाही. तिची भीती मला कळली, अगदी पुरती कळली. पण भीती आईंनाही होती, मलाही होती, आणि आम्ही दोघी एकमेकींना सोडून कुठं गेलो नव्हतो. मी माझं जेवण संपवलं आणि पत्रावळ उचलून टाकायला गेले.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला. बक्षीस जाहीर करताना सूत्रसंचालनाच्या त्याच बाईंनी आईंचं नाव घेतलं, आणि शेवटपर्यंत तोंडात वचन होतं हे वाक्य जसंच्या तसं म्हटलं. टाळ्या पडल्या. मी मोबाइल बंद केला आणि ग्रुपमधून बाहेर पडले.

रविवारी मी चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते. गुरुवारी दुपारी बायका आमच्या दारावरून पाळकसाहेबांच्या घरी जातात. "सलाम" म्हणतात, मीही म्हणते. "येत जा की गं," असं एखादी म्हणते. मी म्हणते, मशीनवर काम आहे. आणि काम असतंच.