डेलियाच्या काठ्या

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीची बाग बाळ जोगळेकर सांभाळत. बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. डेलियाचं झाड फुलांच्या भारानं कोलमडतं, म्हणून प्रत्येक झाडाजवळ ते बांबूची काठी रोवत.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नी शैलाताई वाळकी पानं खुडायला वाकल्या आणि काठीचं टोक उजव्या डोळ्यात गेलं. वरून पाहणाऱ्याला ते टोक जेमतेम ठिपक्याएवढं दिसतं. उपचार बरेच झाले, पण त्या डोळ्याची दृष्टी गेली.

बाळरावांनी सगळ्या काठ्या उपटून अडगळीत टाकल्या. पुन्हा बागेत पाऊल टाकलं नाही. यंदा मातीत राहिलेले कंद आपोआप फुटले, कळ्या आल्या आणि झाडं आडवी पडू लागली. बाळराव ते गॅलरीतून बघत आणि आत जात.

शैलाताईंना हे सोसवेना. डोळा गेला तो गेला, पण बाग आणि बागेतला नवरा त्यांना परत हवा होता. एका सकाळी त्या काठ्या आणि सुती साडीच्या पट्ट्या घेऊन एकट्याच खाली उतरल्या. काठी कशीबशी रोवली, पण एका डोळ्याला अंतर कळेना. हात काठीच्या पुढे जाई, नाहीतर अलीकडेच थांबे.

बाळराव घाईघाईनं खाली आले. "हे उद्योग कुणी सांगितले होते?"

"कुणीच नाही. एका डोळ्यानं गाठ बसत नाहीये. तुम्हाला दोन आहेत ना?"

बाळराव खाली बसले, पट्टी घेतली आणि करकचून बांधली.

"अहो, खोड वाढायचंय अजून. इतकी वर्षं मधे बोट शिरेल एवढं सैल बांधत होतात."

त्यांनी गाठ सोडली. पट्टीचा काठीला घट्ट वेढा दिला, मधे एक पीळ घालून खोडाभोवती सैल फिरवली. मग घरी जाऊन टेनिसचे चेंडू आणले, खेळताना वाफ्यात आले म्हणून सोसायटीतल्या मुलांना परत न दिलेले. भोकं पाडून एकेक चेंडू काठ्यांच्या टोकांवर घट्ट बसवला.

"जप्तीचा माल अखेर बाहेर निघाला म्हणायचा," शैलाताई म्हणाल्या आणि कळी बघायला वाकल्या.

बाळरावांनी चटकन शेजारच्या काठीच्या चेंडूवर तळहात ठेवला. त्या सरळ उभ्या राहीपर्यंत काढला नाही.