सासूबाईंनी केस काळे केले

आमच्या सासूबाईंनी निम्म्या गल्लीचं वय आपल्या हातांनी लपवलं आहे. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं पार्लर. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, फळीवर रंगाच्या डब्या. बँकेतल्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळ्या तिथे डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून बसतात आणि निघताना आरशात बघून लाजतात. स्वतःचे केस मात्र सासूबाईंनी पांढरेशुभ्र ठेवले होते. "मला कुणाला फसवायचंय?" म्हणायच्या.

मग जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. एकदा गिऱ्हाइकाचे केस धुताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बेसिन धरून त्या खालीच बसल्या. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या केसांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आजींना झोप लागते का?" आजी समोर बसलेल्या! "एकोणऐंशी म्हणजे एवढं चालायचंच," म्हणत त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला. माझा पारा चढला, तर घरी नवरा म्हणतो, "बरोबरच आहे की. आई, वय झालं तुझं. बंद कर आता पार्लर." आईवर जीव आहे त्याचा, पण त्याची माया माणसाला उचलून कोपऱ्यात ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून सासूबाईंनी स्वतःच्याच डोक्याला रंग थापला. वर आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही.

"चल, दुसऱ्या डॉक्टरकडे. तिथे मी चौसष्टची आहे. तू तोंड उघडू नकोस."

मोठ्या हॉस्पिटलातले हृदयाचे डॉक्टर त्यांच्याशीच बोलले. "मॅडम, त्रास कधीपासून आहे?" नीट ऐकलं, छाती तपासली, कपाळाला आठ्या घातल्या आणि लगेच हृदयाचा इको काढायला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही यांच्या बहीण का?" सासूबाई खूश. मी घर येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. ती बदलली नाही तर वर्ष-दोन वर्षं जेमतेम, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनचं ठरवायला मुलालाही घेऊन या म्हणाले. तिथेच घोळ झाला. सासूबाईंनी सगळा विचार केला होता, फक्त मुलाचे केस रंगवायचे राहिले. छप्पन्न वर्षांचा, पिकल्या मिशांचा माझा नवरा "मी यांचा मुलगा" म्हणत खुर्चीत बसला. डॉक्टरांनी त्याचं वय विचारलं, मग समोरच्या कागदाकडे पाहिलं.

"आठव्या वर्षी मुलगा झाला का तुम्हाला?"

"एकोणऐंशी," सासूबाई पुटपुटल्या.

डॉक्टर चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. भूल, औषधं, सगळं वयावर ठरतं. पण रागावून झाल्यावर ते वळले माझ्या नवऱ्याकडे. "मग जरा विचार करावा लागेल. घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

नवरा चाचरला. "तिला उगाच त्रास नको, असं वाटतं."

सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अरे, त्रास आत्ता होतोय. जिन्यात मध्येच थांबते तेव्हा वाटतं, संपलं सगळं. आणि डॉक्टर, मागच्या वेळी ज्या बाईला तुम्ही वाचवायला निघाला होता, ती मीच होते ना?"

मग डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली. छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतूनही झडप बसवता येते, या वयाला तीच पद्धत बरी, असं त्यांनाच समजावून सांगायला लागले. सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले आणि तारीख पक्की केली.

बाहेर आल्यावर नवऱ्याने डोळे पुसले. "मला वाटलं, तू आता दमलीस."

"दमले होते रे," त्या म्हणाल्या, "कंटाळले नव्हते."